धूर कोणाचा, मरण कोणाचे?

चीनच्या कारखान्यांचा धूर पॅसिफिक महासागर ओलांडून साधारण आठवडाभरात अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर पोहोचतो. वादळी हवेबरोबर तो वर उचलला जातो आणि उंचावरचे पश्चिमी वारे त्याला पूर्वेकडे वाहून नेतात. त्याच वाऱ्यांनी अमेरिकेचा धूर अटलांटिकपार युरोपात जातो. बोंब मात्र चीनच्या धुराचीच अधिक होते!

या बोंबेचा हिशेब तपासला पाहिजे. २०१७ साली ‘नेचर’ या नियतकालिकात २००७ या एका वर्षाचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्या वर्षी सूक्ष्म धूलिकणांमुळे जगात सुमारे ३४ लाख ५० हजार अकाली मृत्यू झाले. त्यांपैकी सुमारे ४ लाख ११ हजार मृत्यू दुसऱ्या प्रदेशातून वाहत आलेल्या प्रदूषणाचे. चीनच्या धुराने पश्चिम युरोप व अमेरिकेत मिळून सुमारे ३,१०० माणसे दगावली. आता दुसरी बाजू पाहा. याच दोन प्रदेशांतील ग्राहकांच्या उपभोगापायी चीनमध्ये १ लाख ८ हजारांहून अधिक माणसे मेली. माल जहाजाने गेला, धूर कामगारवस्तीत राहिला. मग प्रदूषण कोणी कोणाकडे पाठवले?

आपल्याकडेही हेच घडले आहे. ऑगस्ट २००२ मध्ये, जोहान्सबर्ग परिषदेच्या तोंडावर, संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने ‘आशियाई तपकिरी ढगा’चा अहवाल काढला. १९९९ मध्ये हिंदी महासागरावर घेतलेली निरीक्षणे त्यामागे होती. ढग खोटा नव्हता. परंतु नावातच आरोपी ठरवून टाकला होता आणि बोट गेले ते शेण्या-लाकडे जाळणाऱ्या चुलीकडेही. भारतातून आक्षेप आल्यावर पुढे ‘आशियाई’ जाऊन ‘वातावरणीय’ हा शब्द आला. चुलीचा धूर समुद्रावर जाण्याआधी चूल फुंकणाऱ्या बाईच्या छातीत जातो, आणि गॅस परवडत नाही म्हणून ती चूल पेटवते, हे सांगायला शास्त्रज्ञ कशाला हवा?

करार झालेच नाहीत असे नाही. ब्रिटन, जर्मनीच्या गंधकाने स्वीडनची तळी आम्लधर्मी झाली, तेव्हा १९७९ मध्ये जिनिव्हा करार झाला आणि पुढे गंधकावर बंधनकारक मर्यादाही आल्या. दक्षिण आशियाच्या वाट्याला आला १९९८ चा माले जाहीरनामा, ज्यात सक्ती नाही. आणि जिनिव्हाच्या वहीतही धूर निघाला त्या देशाच्याच नावावर मांडला जातो. माल वापरणाऱ्याचे खाते त्या वहीत उघडलेलेच नाही.