फाटकाबाहेर कोण उभं आहे?

वर्षभर एक बातमी मनाला टोचत राहिली. गाव बदलतं, नाव बदलतं, बातमी तीच. एखादा सराईत गुंड जामिनावर सुटतो, तुरुंगाबाहेर गाड्यांचा ताफा उभा असतो, हार, गुलाल, फटाके, आणि संध्याकाळपर्यंत मोबाईलवर रील फिरायला लागतं. मग पोलिस नवा गुन्हा दाखल करतात, वाहिन्यांवर चर्चा झडते आणि महिन्याभरात दुसऱ्या शहरात तेच घडतं. या मिरवणुकांचा संताप तुम्हालाही येत असेल. मला त्याहून अधिक सलणारी गोष्ट वेगळी आहे. तुरुंगातून सुटणं म्हटलं की आता आपल्यापुढे ही मिरवणूकच येते. त्याच संध्याकाळी त्याच फाटकातून आणखी काही माणसं बाहेर पडलेली असतात, त्यांच्याविषयी कुठेही एक ओळ छापून येत नाही.

सरत्या वर्षानं लिहिण्यासारखं पुष्कळ दिलं. दिल्लीत तारा भवाळकरांच्या अध्यक्षतेखाली साहित्य संमेलन झालं. पहिलीपासूनच्या हिंदीवरून महाराष्ट्र खवळला आणि शासनाला निर्णय मागे घ्यावा लागला. मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारशात गेले. जयंत नारळीकर आपल्यातून गेले. सप्टेंबरच्या पावसानं मराठवाड्यात पिकांबरोबर मातीही खरवडून नेली, आणि तिथल्या कित्येक घरांत यंदा दिवाळी नाही. या सगळ्याबद्दल आपण वर्षभर बोललो, पुढेही बोलू. ही दोन पानं मात्र ज्यांच्याबद्दल कोणीच बोलत नाही त्यांच्यासाठी राखून ठेवली आहेत.

यंदाच्या दिवाळी अंकाचा विषय ‘उंबरठा’. जब्बार पटेल यांच्या १९८२ सालच्या ‘उंबरठा’तली सुलभा महाजन सुधारगृहाची अधीक्षक होते आणि समाजानं बाहेर टाकलेल्या बायकांमध्ये जाऊन उभी राहते. ज्यांना परत यायचं आहे आणि ज्यांना आत घ्यायला कोणी तयार नाही, त्यांचा प्रश्न त्या चित्रपटानं मराठी प्रेक्षकापुढे ठेवला होता. तो अजून सुटलेला नाही.

फाटकाजवळ जाऊन पाहू. जामिनाचा आदेश वेळेत कारागृहात पोचला तर त्याच दिवशी सुटका, नाही तर उद्या. कागद तपासायचे, नावं ताडायची, अंगझडतीत जमा करून घेतलेल्या वस्तू परत द्यायच्या, यात अनेकदा अंधार पडतो. बाहेर येणाऱ्याच्या हातात एक पिशवी. त्याचा मोबाईल पोलिस ठाण्यात मुद्देमाल म्हणून पडलेला, तो सोडवायचा तर न्यायालयात अर्ज करायला हवा. जुना नंबर बंद, आणि बँकेचं खातं त्याच नंबराला जोडलेलं. खोली मालकानं दुसऱ्याला दिलेली. ठेकेदारानं त्याच्या जागी दुसरा माणूस घेतलेला. बायको मुलांना घेऊन माहेरी गेलेली. पुढची तारीख मात्र ठरलेली, आणि ती चुकली तर वॉरंट. सुटणारी बाई असेल तर हाल आणखी, कारण कित्येकींना सासर आणि माहेर दोन्ही दारं बंद झालेली असतात आणि रात्र काढायची कुठे, हा पहिला प्रश्न असतो.

ही माणसं थोडीथोडकी नाहीत. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या अहवालानुसार देशातल्या तुरुंगांत ५,७३,२२० बंदी होते आणि त्यांतले ४,३४,३०२ न्यायाधीन होते, म्हणजे गुन्हा शाबित न झालेले. शंभरातले जवळपास शहात्तर. यातला बहुतेक प्रत्येक जण आज ना उद्या आपल्याच गल्लीत, आपल्याच गावात परत येणार आहे.

गुन्हा केलेल्याला समाजात परत घेण्यासाठी आपल्याकडे कायदा नाही, असंही नाही. मुंबई इलाख्यानं १९३८ सालीच परिविक्षेचा, म्हणजे प्रोबेशनचा, कायदा केला. स्वातंत्र्यानंतर १९५८ मध्ये देशासाठी अपराधी परिविक्षा अधिनियम आला. तो आजही वाचण्यासारखा आहे. फाशी किंवा जन्मठेपेची शिक्षा नसलेल्या गुन्ह्यात न्यायालय दोषी माणसाला तुरुंगात न धाडता चांगल्या वर्तणुकीच्या बंधपत्रावर, परिविक्षा अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली सोडू शकतं. आरोपी एकवीस वर्षांखालचा असेल आणि गुन्हा जन्मठेपेचा नसेल, तर त्याला तुरुंगात पाठवण्याआधी न्यायालयानं अधिकाऱ्याचा अहवाल मागवायचा आणि तरीही तुरुंगच योग्य वाटला तर त्याची कारणं लिहून ठेवायची. या कायद्याखाली सुटलेल्याला दोषसिद्धीमुळे येणारी अपात्रता लागत नाही. आणि अधिकाऱ्याच्या कर्तव्यांत देखरेखीबरोबर आणखी एक काम नोंदलेलं आहे: गरज असेल तिथे त्या माणसाला योग्य रोजगार मिळवून देण्याचा प्रयत्न करणं.

हा अधिकारी चांगला असेल तर काय करतो? तो वस्तीत जातो. घरात कोण कमावतं, कोण पितं, कर्ज कोणाचं आहे, मुलगा शाळेतून कधी आणि का निघाला, हे विचारतो. शेजाऱ्यांशी बोलतो, गावात सरपंचाशी बोलतो, आधीच्या मालकाशी बोलतो. ज्याचं नुकसान झालं त्याची मनःस्थितीही समजून घेतो. न्यायाधीशापुढे आरोपपत्रातला आरोपी असतो. अहवालातून त्याच आरोपीचं घर न्यायाधीशाला दिसतं. तुरुंगातल्या माणसासाठीही ही गृहभेट तितकीच मोलाची, कारण घरचे त्याला घेतील का हे सुटकेच्या आधी कळलं तरच काही तयारी करता येते.

सर्वोच्च न्यायालयानं ३१ जानेवारी २०२३ च्या आदेशात हीच वाट दाखवली. जामीन मंजूर होऊनही सात दिवसांत सुटका झाली नाही, तर कारागृह अधीक्षकानं जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला कळवायचं, आणि प्राधिकरणानं परिविक्षा अधिकारी किंवा विधी स्वयंसेवकाची मदत घेऊन त्या बंद्याच्या आर्थिक-सामाजिक स्थितीचा अहवाल तयार करायचा, म्हणजे न्यायालयाला जामिनाच्या अटी सैल करता येतील. त्याच वर्षी केंद्र सरकारची गरीब बंद्यांसाठीची योजना आली. न्यायाधीन बंद्याच्या जामिनासाठी ४० हजारांपर्यंत, शिक्षा झालेल्याच्या दंडासाठी २५ हजारांपर्यंत मदत, असं तिचं तेव्हाचं स्वरूप होतं. ज्याच्याकडे जामीनदार नाही, ऐपतीचा दाखला नाही, त्याच्यासाठी एवढी तरतूद कागदावर आहे.

मग अडतं कुठे? माझ्या मते दुखणं साधं आहे आणि म्हणूनच अक्षम्य आहे. तुरुंग गृहखात्याकडे आणि परिविक्षा अधिकारी महिला व बालविकास खात्याकडे. फाटकाच्या आतला माणूस एका खात्याचा, बाहेर पडला की दुसऱ्या खात्याचा, आणि दोहोंच्या मधल्या जागेत तो कोणाचाच नाही. जिल्ह्याच्या महिला व बालविकास कार्यालयावर आधीच बालविवाह, घरगुती हिंसाचार, बाल न्याय मंडळाचे अहवाल, बालगृहांच्या तपासण्या यांचा भार. त्या गर्दीत सुटलेल्या कैद्याची फाईल सर्वांत खाली जाते, कारण तिच्यासाठी मोर्चा येत नाही आणि आमदाराचा फोनही येत नाही. कारागृह विभागानं ब्रीद घेतलं आहे सुधारणा आणि पुनर्वसनाचं. पुनर्वसन फाटकाच्या आत होऊ शकत नाही.

आणि म्हणून ती मिरवणूक मला इतकी सलते. ज्याच्यामागे टोळी आहे त्याला घ्यायला टोळी येते. ज्याच्यामागे कोणी नाही, त्यालाही पहिला निरोप त्याच टोळीचा येतो. जेवण, खोली, वकिलाची फी, सगळं ती देते, आणि बदल्यात काय मागते ते आपण जाणतो. शासन आणि समाज जी जागा रिकामी ठेवतात ती टोळी भरते. पारधी वस्तीतला मुलगा सुटला तर त्याची वाट आणखी अरुंद. त्याच्या जमातीवर शिक्का मारणारा १८७१ पासूनचा गुन्हेगार जमाती कायदा १९५२ मध्ये रद्द झाला, पण परिसरात चोरी झाली की पोलिसांची पहिली गाडी आजही त्याच वस्तीवर जाते. अशा मुलाला काम देण्याआधी मालक दहादा विचार करतो.

कैद्यांना पुन्हा उभं करण्याचं काम महाराष्ट्राला नवीन नाही. १९३९ मध्ये औंध संस्थानात भवानराव पंतप्रतिनिधींच्या राज्यात, मॉरिस फ्रीडमन यांच्या पुढाकारानं, आटपाडीजवळ स्वतंत्रपूर वसलं. भिंतीशिवायचा तुरुंग, आणि कैद्यांच्या हाती शेती. त्याच प्रयोगावरून गदिमांनी कथा लिहिली आणि १९५७ मध्ये व्ही. शांतारामांनी ‘दो आँखें बारह हाथ’ केला. चित्रपटाचं कौतुक बर्लिनपर्यंत झालं. टाटा समाजविज्ञान संस्थेच्या ‘प्रयास’ प्रकल्पाचे कार्यकर्ते १९९० पासून मुंबईच्या तुरुंगांत जातात, घरच्यांशी संपर्क साधतात, सुटल्यावर प्रशिक्षण आणि काम मिळेपर्यंत सोबत राहतात. १ मे २०२२ रोजी येरवड्यात राज्य सहकारी बँकेनं ‘जिव्हाळा’ योजनेतून बंद्यांना ५० हजारांपर्यंत कर्ज द्यायला सुरुवात केली. हे सगळे आपल्याच मातीतले पुरावे आहेत. पण चार चांगले प्रयोग म्हणजे व्यवस्था नव्हे. व्यवस्था तेव्हा म्हणता येईल जेव्हा जळगावचा, गडचिरोलीचा, रत्नागिरीचा सुटणारा बंदी कोणाच्या चांगुलपणावर अवलंबून राहणार नाही.

ज्याच्या घरात चोरी झाली, ज्याचं माणूस गेलं, त्याचं काय, असा प्रश्न काही वाचक विचारतील. तो रास्त आहे. १९५८ च्या कायद्यानं न्यायालयाला नुकसानभरपाई देण्याचा आदेश काढायचा अधिकार दिला आहे, आणि पीडिताला ती मिळालीच पाहिजे. पण सुटलेल्याला उपाशी आणि एकटं सोडल्यानं कोणत्याही पीडिताचं दुःख हलकं होत नाही. पुढचा पीडित मात्र तयार होतो.

मागण्या तीनच आहेत. सुटकेची तारीख दिसू लागली की कारागृहानं परिविक्षा अधिकाऱ्याला कळवणं सक्तीचं करा, आणि न्यायाधीन बंद्याच्या बाबतीत जामीन मंजूर होताच. प्रत्येक जिल्ह्यात सुटलेल्या बंद्यांचं काम पाहणारा, दुसरा कोणताही कार्यभार नसलेला अधिकारी नेमा. आणि प्रत्येक मध्यवर्ती कारागृहाजवळ, बायकांसाठी वेगळी, पहिल्या काही रात्री राहता येईल अशी जागा ठेवा. यासाठी नवा कायदा लागत नाही, फार मोठा पैसाही लागत नाही.

शासनाला सांगून झालं, आता तुम्हाला. हा अंक वर्षानुवर्षं घरी घेणाऱ्यांत कारखानदार आहेत, दुकानदार आहेत, वकील आहेत, सोसायटीचे अध्यक्ष आहेत, सरपंच आहेत. एखादा सुटलेला माणूस कामासाठी दारात आला तर त्याला चारित्र्याचा दाखला मागण्याआधी परिविक्षा अधिकाऱ्याचा फोन नंबर मागा आणि बोला. आपल्या जिल्ह्याच्या महिला व बालविकास कार्यालयात जाऊन विचारा की गेल्या वर्षी सुटलेल्या किती बंद्यांची गृहभेट झाली, किती जणांना काम मिळालं. उत्तर मिळालं नाही तर माहितीच्या अधिकारात अर्ज करा, आणि जे हाती येईल ते आमच्याकडे पाठवा. पुढचं वर्षभर आम्ही ते छापत राहू.