खिचडीची वार्षिक उलाढाल

प्रति,
महाराष्ट्र शासन,
मंत्रालय, मुंबई.

विषय : घोरावडेश्वराच्या पायथ्याशी फुकट वाढल्या जाणाऱ्या खिचडीच्या नोंदणीबाबत.

महोदय,

नमनाला घडाभर तेल घालत नाही. आधीच्या अर्जांत ते घातले होते, आणि ते अर्ज कुठल्या कपाटात मुरत पडले आहेत ते ज्याचे त्याला ठाऊक. मुद्दा एकच आहे. महाशिवरात्रीला घोरावडेश्वराच्या डोंगराखाली बेगडेवाडीची माणसे साबुदाण्याची खिचडी वाटतात, आणि कायद्याच्या लेखी ती माणसे धंदा करतात.

हे मी रागाच्या भरात लिहीत नाही. राग आहेच, पण कायदाही वाचला आहे. अन्न सुरक्षा व मानके कायदा, २००६, कलम ३. नफ्यासाठी असो वा नसो, सार्वजनिक असो वा खासगी, अन्न बनवण्या-वाटण्याशी संबंध आला की तो 'अन्न व्यवसाय'. २०११ च्या नियमावलीत तर धार्मिक किंवा सामाजिक कार्यक्रमात अन्न वाटणारा थेट छोट्या अन्न उत्पादकांच्या व्याख्येत बसवला आहे, फेरीवाल्याच्या पंक्तीला. कलम ३१ त्याला परवान्यातून सोडते आणि नोंदणीत अडकवते. नमुना 'अ' भरा. शुल्क वर्षाला १०० रुपये. अनुसूची ४ मधल्या स्वच्छतेच्या अटी पाळू, अशी हमी द्या. मग अधिकाऱ्याने ७ दिवसांत नोंदणी द्यायची, नाकारायची किंवा तपासणीची नोटीस काढायची. ३० दिवसांत यातले काहीच झाले नाही, तर अर्जदाराने खुशाल काम सुरू करावे. वर्षातून एकदा, एका सकाळपुरत्या चालणाऱ्या आमच्या कारखान्याला ३० दिवसांची वाट! महादेवाला तिथी पुढे ढकलायला सांगू काय?

तरी आम्ही गेलो. एका कार्यालयात, नाव घेत नाही, घेऊन काही हलणार नाही. समोरच्या बाई स्वभावाने बऱ्या होत्या. त्यांनी विचारले, व्यवसायाचे नाव? नाही. मालक कोण? कुणी नाही, वाडीतल्या बायका आणि पोरे. वार्षिक उलाढाल? आमच्या काकू म्हणाल्या, "ताई, आम्ही विकत नाही हो. वाढतो." बाईंनी रकान्यावर पेन ठेवले आणि म्हणाल्या, "शून्य नका टाकू, अर्ज परत येईल. काहीतरी टाका." म्हणजे देवाच्या नावाने खिचडी वाटायची, तर सुरुवात सरकारी कागदावर खोटे लिहून करायची.

या काकू काय करतात ते सांगतो, कारण ते तुमच्या कुठल्याही नमुन्यात मावणार नाही. आदल्या रात्री साबुदाणा पाणी निवळेपर्यंत धुतात, बोटाच्या पेरभर पाणी ठेवून झाकतात. पहाटे एक दाणा चिमटीत दाबून बघतात. मधे कणी लागली की चूल पेटत नाही, मग मागे कितीही घाई असो. दाणे घरी भाजायचे, घरी कुटायचे. बाजारचे तयार कूट आणलेले त्यांना खपत नाही. कढईशी बसणाऱ्या पोराची नखे आधी बघतात. अनुसूची ४ त्यांनी वाचलेली नाही.

आता तुम्ही विषबाधा काढाल. काढाच, तो प्रश्न खरा आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये नांदेडच्या लोहा तालुक्यात एकादशीची भगर खाऊन सुमारे २,००० माणसे आजारी पडली. त्याच महिन्यात बुलढाण्याच्या लोणार तालुक्यात, सोमठाण्याला, प्रसादातून शेकडो जणांना बाधा झाली. भगरीला बुरशी धरते, त्या बुरशीचे विष पोटात जाते. सुटी भगर, तयार पीठ घेऊ नका, असे तुमचेच अन्न व औषध प्रशासन सांगत असते. बरोबर सांगते. पण ती भगर काकूंच्या शेतात पिकत नाही. ती गिरणीतून येते, घाऊक व्यापाऱ्याकडून येते, किराणा दुकानातून येते, आणि यातल्या प्रत्येकाला हाच कायदा परवाना किंवा नोंदणी सक्तीची करतो. बुरशी लागते ती परवान्यांच्या या साखळीत, आणि जाब विचारायला आठवते ती शेवटची कढई.

आणि सोमठाण्याचे ते चित्र अख्ख्या देशाने पाहिले: उघड्यावर झोपवलेले रुग्ण, झाडांना दोऱ्या बांधून त्यांवर लटकवलेल्या सलाईनच्या बाटल्या. प्रसाद वाटणाऱ्याकडे नोंदणी होती का, हे विचारण्याआधी दवाखान्यात खाटा होत्या का, हे विचारायला हवे होते की नको?

शिवाय शिक्षा कायद्यात आधीच आहे. असुरक्षित अन्नाने जीव गेला तर कलम ५९ खाली किमान ७ वर्षे ते जन्मठेप, आणि दंड १० लाखांपेक्षा कमी नाही. ती आम्हालाही लागू आहे आणि लागू असावी. निष्काळजीपणा केला तर घाला तुरुंगात, आमची ना नाही. पण मग १०० रुपयांची ती पावती कोणाचे रक्षण करते? खाणाऱ्याचे तर नाही. उद्या काही घडले तर 'नोंदणी नव्हती' एवढे लिहून फाइल बंद करता येते, तिचा उपयोग तेवढाच.

कागद असला की माणूस सुरक्षित, हे गणित आम्हा बेगडेवाडीकरांना शिकवू नका. कुंडमळ्याला जाणारी माणसे लोकलने आमच्याच स्टेशनावर उतरतात. १५ जून २०२५, रविवार. तिथला इंद्रायणीवरचा लोखंडी पूल कोसळला. ४ जण गेले, पन्नासहून अधिक जखमी झाले. पूल धोकादायक असल्याचा फलक होता. नव्या पुलाला मंजुरी होती. कागदोपत्री कसलीच कसर नव्हती, आणि तरी गर्दी पुलावर चढली. तुमची पथके पोचण्याआधी बुडणाऱ्यांना हात दिला तो तिथल्याच लोकांनी. त्या दिवशी त्यांच्यापैकी कुणाला नोंदणी क्रमांक विचारल्याचे ऐकिवात नाही. संकटात आम्ही 'देवदूत' असतो, मंत्री सत्कारही करतात; सणावारी पातेले चुलीवर ठेवले की अन्न व्यावसायिक.

वर्गणीचे वेगळे. पैसे गोळा करायचे तर धर्मादाय आयुक्तांकडे त्यांच्या कायद्याच्या कलम ४१-क खाली रीतसर जावे लागते, आणि जावेच. लोकांचा पैसा हाताळणाऱ्याने हिशेब द्यायला कुरकुर करू नये. गणपतीच्या नावावर काय काय चालते ते आम्हीही बघतो. पण घरोघरीच्या वाटीभर साबुदाण्यातून जे उभे राहते, त्याला तोच दंडुका का?

बरे, तुम्ही स्वतः दान करता तेव्हा काय होते? २०२२ च्या दिवाळीला 'आनंदाचा शिधा' काढलात. १०० रुपयांत रवा, साखर, चणाडाळ, पामतेल. कल्पना चांगली होती, खोटे कशाला बोलू. पण कित्येक गावांत फराळ संपून गेला तरी शिधा पोचला नव्हता. योगायोग बघा, आमच्या नोंदणीचेही १००च रुपये. फरक इतकाच की आमची खिचडी तिथीला पोचते आणि तिच्या द्रोणावर कुणाचा फोटो नसतो.

न विचारता केलेल्या अन्नदानाला एरवी हारच घातले जातात. दामाजीपंतांची पुण्यतिथी, पालखी, मंगळवेढ्याचे मंदिर, सगळीकडे पुढारी हार घेऊन उभे असतात. दामाजीपंत सरकारी अधिकारी होते, हे त्यांतल्या कितींना आठवते? बीदरच्या सुलतानाचे कोठार त्यांनी दुष्काळात न विचारता उघडले आणि त्याची भरपाई विठोबाने मोहरा नेऊन केली, अशी कथा आहे. आजच्या भाषेत शासकीय धान्याचा अपहार. तुमच्या खात्यात आज असा कुणी निघाला, तर त्याच्यासाठी विठोबाला मोहरा घेऊन निलंबनाच्या चौकशीला बसावे लागेल.

हा रोग आपल्यापुरताच नाही. अमेरिकेत फ्लोरिडातल्या फोर्ट लॉडरडेल शहरात २०१४ साली अरनॉल्ड अ‍ॅबट या ९० वर्षांच्या गृहस्थांवर बेघरांना उघड्यावर जेवण वाढल्याबद्दल पोलिसांनी कारवाई केली. जगभर शोभा झाली. त्याच शहराविरुद्धच्या दुसऱ्या एका खटल्यात २०१८ मध्ये अपील न्यायालयाने निकाल दिला, की अशा तऱ्हेने अन्न वाटणे ही संबंधितांची अभिव्यक्ती आहे आणि तिला घटनेचे संरक्षण आहे. आपल्याकडे त्याला अभिव्यक्ती म्हणू नका, पुण्य म्हणू नका, काही म्हणू नका. फक्त धंदा म्हणू नका.

मागणी काय, हे विचारलेत तर (अजून कुणी विचारलेले नाही) सांगतो. सामुदायिक अन्नदान नोंदणीतून काढा आणि त्या जागी कळवण्याची रीत आणा. ग्रामपंचायतीत एक वही ठेवा. कोण वाढणार, कुठे, किती माणसांना, पाणी कुठले, किराणा कुठल्या दुकानातला, आणि एक फोन नंबर. एवढे आदल्या आठवड्यात लिहू. तुमच्या माणसाने हवे तेव्हा यावे, पाणी तपासावे, नमुना न्यावा, काही चुकत असेल तर जागेवर थांबवावे. खरेदीची पावती आम्ही जपून ठेवू, म्हणजे वेळ आली तर कढईपासून गोदामापर्यंत माग काढता येईल. कायदा केंद्राचा आहे असे सांगून हात झटकू नका. व्याख्या दिल्लीने बदलायची असेल तर दिल्लीला लिहा, तुमच्या पत्राला तिथे पोच तरी मिळेल. अंमलबजावणी तर तुमच्याच हातात आहे.

तोवर हेच पत्र आमचे कळवणे समजावे. येत्या महाशिवरात्रीला, घोरावडेश्वराच्या पायथ्याशी, साबुदाण्याची खिचडी आणि पाणी. भगर करणार नाही. निरीक्षक पाठवायचा असेल तर पहाटे पाठवा. दुपारी आला तर तपासायला खिचडी उरलेली नसते.

बेगडेवाडीचा एक रहिवासी,
ता. मावळ, जि. पुणे.