भांडेवाडीला गाडी थांबणार का?

नागपूर-नागभीड छोटी लाइन नोव्हेंबर २०१९ मध्ये ब्रॉडगेजसाठी बंद झाली. तेव्हापासून चर्चा होते ती एकाच गोष्टीची, मोठी गाडी कधी सुरू होणार. ती गाडी नागपूर शहराच्या आत भांडेवाडीला थांबणार का, हे मात्र कोणी विचारत नाही.

ही अडीच फुटी लाइन बंगाल नागपूर रेल्वेच्या काळातली, १९०८ ची. इतवारीहून निघालेली गाडी भांडेवाडी, कुही, उमरेड, भिवापूर करत नागभीडला पोहोचायची. शंभर किलोमीटरच्या वर अंतराला चार तासांहून जास्त लागायचे. सुखवस्तू माणूस त्या गाडीत सहसा बसत नसे. बसायचे ते मजूर, भाजीवाल्या बाया, कॉलेजची पोरं. दीक्षाभूमीला येणारी खेड्यापाड्यातली आपली माणसंही याच गाडीने यायची. मोतीबागला, आपल्या इंदोऱ्याजवळ, आज नॅरोगेजचे म्युझियम आहे. इंजिन जपून ठेवले, चांगलेच झाले. त्या गाडीच्या प्रवाशांचे काय झाले, याची नोंद मात्र कुठे ठेवलेली दिसत नाही.

भांडेवाडी म्हटले की नागपूरकरांना डम्पिंग यार्ड आठवते. कचरा वेचणारी, बांधकामावर जाणारी, कळमना मार्केटात हमाली करणारी कुटुंबे या भागात राहतात. वस्तीत काम करताना एका मावशीने मला सांगितले, "गाडी होती तवा माहेर जवळ होतं." तिचे माहेर कुहीकडे. आता दोन ऑटो आणि एक बस, म्हणजे अर्धी मजुरी गेली. सहा महिन्यांतून एकदा जाते.

ब्रॉडगेजचे काम महारेलकडे आहे. खर्चाचा वाटा केंद्र आणि राज्याचा निम्मा-निम्मा. उमरेडला वेकोलिच्या कोळसा खाणी आहेत, त्यामुळे मालगाड्यांना काम कमी पडणार नाही. माझी शंका पॅसेंजरबद्दल आहे. कोविडनंतर पॅसेंजर गाड्या 'स्पेशल' म्हणून धावू लागल्या आणि किमान तिकीट १० रुपयांवरून ३० झाले. ते पुन्हा १० वर यायला २०२४ उजाडले. मोठ्या शहरांतल्या नोकरदाराला २० रुपयांचा फरक कदाचित जाणवला नसेल, पण रोज जाऊन-येऊन करणाऱ्या मजुराला तो दिवसाला ४० रुपये पडला. २०१८ मध्ये नागपुरात ब्रॉडगेज मेट्रोचा करार झाला. त्यातही सुरुवातीला नावे आली ती वर्धा, नरखेड, रामटेक आणि भंडारा या मार्गांची.

म्हणजे रूळ रुंद झाले तरी जुने प्रवासी परत गाडीत बसतीलच असे नाही. लहान स्टेशनवर थांबा द्यायचा की नाही हे ठरवताना रेल्वे प्रवासीसंख्या आणि उत्पन्न बघते. इतकी वर्षे गाडीच नाही, तर भांडेवाडीची तिकीटविक्री दाखवायची कुठून? हा आकडा वस्तीलाच गोळा करावा लागेल. रोज कोण कुठे कामाला जाते, किती वाजता निघते, भाडे किती पडते, याचा घरोघरी सर्व्हे आपली पोरं दोन रविवारांत करू शकतात.

सोबत दक्षिण पूर्व मध्य रेल्वेच्या नागपूर विभागाकडे माहिती अधिकारात अर्ज टाकायचा. भांडेवाडीचा थांबा मंजूर आराखड्यात आहे का? प्लॅटफॉर्म किती डब्यांचा? सकाळी कामाच्या वेळेला साधी पॅसेंजर धरली आहे का? उत्तर नाही आले तर पहिले अपील. वेळापत्रक छापून आल्यावर मोर्चा काढून थांबा मिळवायला फार वर्षे जातात, म्हणून हे आत्ताच करायला हवे. अर्जाची फी १० रुपये आहे, पॅसेंजरच्या किमान तिकिटाएवढीच.