यादी नको, पान सांगा

रविवारी सकाळी लवकर निघालं तर जोतिबाच्या डोंगरावर गाडी लावायला जागा मिळते आणि समोर पन्हाळा स्वच्छ दिसतो. आम्ही चौघे महिन्यातून एकदा तिथे जातो, ते मुख्यतः पुस्तकं बदलायला. एक हायस्कुलातले मास्तर, एक मराठा लाइट इन्फन्ट्रीतून निवृत्त झालेले सुभेदार, एक माझा जुना दोस्त, जो शिरोलीच्या एमआयडीसीत फौंड्रीत मोल्डिंग बघतो, आणि चौथा मी. मी इंजिनिअरिंग करून सॉफ्टवेअरमध्ये गेलो, नोकरी पुण्यात, घर कोल्हापुरात. चौघांनाही लढायांची पुस्तकं वाचायचं वेड आहे. चहाच्या गाड्यावर पुस्तकं अदलाबदल होतात आणि मग तासभर वाद.

अशाच एका रविवारी आग्र्याहून सुटकेचा विषय निघाला आणि मी नेहमीप्रमाणे मदारी मेहतरचं नाव घेतलं. महाराजांच्या जागी हिरोजी फर्जंद झोपला आणि मदारी मेहतर पाय चेपत बसला, हे मी शाळेपासून ऐकत आलोय, आणि गेली दहा वर्षं दर शिवजयंतीला पुढे पाठवत आलोय. मास्तर शांतपणे म्हणाले, "पान सांग की."

मी म्हटलं, "सर, हे सगळ्यांना माहीत आहे."

"मग सापडायला अवघड नको. सभासदाची बखर घरात आहे ना तुझ्या? बघ आणि सांग."

घरी जाऊन बघितली. सभासदाने बखर लिहिली राजारामांच्या काळात, जिंजीला, म्हणजे महाराजांना जवळून माहीत असलेल्या पिढीने लिहिलेली ती गोष्ट. तीत हिरोजी फर्जंद आहे. मदारी मेहतर नाही. पुढच्या रविवारी ते कबूल करताना मला जेवढी लाज वाटली तेवढी कधी ऑफिसात चुकीचा कोड चढवल्यावरही वाटली नव्हती. आमच्या धंद्यात लॉग न बघता कारण सांगणाऱ्याला कुणी जवळ उभं करत नाही. इथे मी दहा वर्षं तेच करत होतो.

आपल्यापैकी बऱ्याच जणांच्या फोनमध्ये अशी एक यादी असते. शिवरायांच्या सैन्यातले मुसलमान, शेजारी टक्केवारी. आकडा इथे मुद्दाम देत नाही, दिला तर पुन्हा फिरायला लागेल. यादीतली काही नावं पक्की आहेत. नूरखान बेग सभासदाच्या बखरीतच सापडतो, पायदळाचा सरनोबत म्हणून. दौलतखान आरमारात होता. गोविंद पानसरे यांच्या 'शिवाजी कोण होता?' या पुस्तिकेने, जी १९८८ पासून महाराष्ट्रभर वाचली गेली, ही नावं घरोघर नेली आणि त्याबद्दल आपण ऋणीच आहोत. पण पुस्तिकेचं काम वाचकाला दारापर्यंत आणण्याचं असतं. आपण दारातूनच परत फिरलो आणि येताना चार नावं वाढवली, पाच आकडे वाढवले.

हे का होतं तेही मला कळतं. जून २०२३ मध्ये मोबाइलवरच्या स्टेटसवरून कोल्हापूर बंद झालं, दगडफेक झाली. त्या आठवड्यात माझ्या अब्बांनी मला फोन करून पहिलं काय विचारलं असेल, तर स्टेटसला काय ठेवलंयस. अशा दिवसांत माणूस यादीकडे जातो. यादी म्हणजे पावती. आम्हीही होतो, हे बघा नाव, हा घ्या शिक्का. अडचण अशी, की पावतीतलं एक नाव खोटं निघालं की समोरचा सगळीच पावती फाडतो. शिवाय पावती मागण्याचा त्याचा हक्क आपण कधी मान्य केला, हे आपल्यालाही कळत नाही.

सुभेदारांचा वाचण्याचा मार्ग वेगळा आहे. कुठलंही पुस्तक हातात घेतलं की ते आधी शिधा शोधतात. सैन्य काय खात होतं, जनावरांना चारा कुठून येत होता, पगार किती महिने थकला होता. हे ज्या पुस्तकात नाही ते त्यांच्या मते पोवाडा. चालीवर म्हणावं, त्यावरून भांडू नये.

त्यांच्यामुळेच मी त्र्यं. शं. शेजवलकरांचं 'पानिपत १७६१' नीट वाचलं. त्याआधी विश्वास पाटलांची 'पानिपत' कादंबरी वाचली होती, १९८८ ची, आणि बहुतेकांप्रमाणे तिच्यावरच थांबलो होतो. कादंबरी चांगलीच आहे, पण कादंबरीने डोळ्यात पाणी येतं आणि शेजवलकरांनी डोकं कामाला लागतं. ऑक्टोबर १७६० मध्ये अब्दाली बागपतला यमुना उतरतो आणि भाऊसाहेबांचा दिल्लीचा रस्ता बंद होतो. डिसेंबरात गोविंदपंत बुंदेले मारले जातात आणि अब्दालीची रसद तोडण्याची आशा संपते. छावणीत लढणाऱ्यांपेक्षा न लढणारी माणसं जास्त. १४ जानेवारीला सैन्य बाहेर पडलं ते उपाशी राहण्यापेक्षा लढून वाट काढू म्हणून. गोल बांधून, तोफांच्या आडोशाने यमुनेकडे सरकायचं, ही ती योजना. इब्राहिमखान गारदीची पायदळं आणि तोफा हा त्या गोलाचा कणा. घोडदळाच्या सरदारांना मात्र ती शिस्त पेलली नाही आणि गोल फुटला.

आता इब्राहिमखान हे नाव यादीत असतंच. पकडला गेला, हाल करून मारला गेला, निष्ठावान मुसलमान, पुढचं नाव. पुस्तक वाचल्यावर मात्र तो यादीत मावत नाही. तो फ्रेंचांच्या पद्धतीने तयार झालेला, आधी निजामाच्या चाकरीत असलेला, पगार वेळेवर मिळण्यासाठी आग्रही असलेला व्यावसायिक माणूस आहे. लढाई कशी करायची याबद्दल त्याचं स्वतःचं ठाम मत आहे. मला तो निष्ठेच्या पुतळ्यापेक्षा असा जास्त आवडतो.

आणि पलीकडे बघा. अब्दालीच्या बाजूला अवधचा शुजाउद्दौला, त्याच्या फौजेत अनुपगीर आणि उमरावगीर हे नागा गोसावी. या लढाईची हकीकत लिहिणारा काशीराज पंडितही शुजाच्याच नोकरीत. मास्तरांनी विल्यम पिंचचं गोसाव्यांच्या फौजांवरचं इंग्रजी पुस्तक आणलं तेव्हा आमच्या दोस्ताने पहिल्यांदा हे वाचलं आणि चहाचा कप खाली ठेवून म्हणाला, "आयला, हे कुणी सांगितलं नाही." त्याच्या चेहऱ्यावर तेच होतं जे मदारी मेहतरच्या वेळी माझ्या चेहऱ्यावर असणार.

हे बोलणं जोतिबावर चालतं यालाही अर्थ आहे. आजचं मुख्य देऊळ राणोजी शिंद्यांनी १७३० मध्ये बांधलेलं. शिंद्यांचं हे कुलदैवत, राणोजींच्या एका मुलाचं नावही जोतिबा. त्या घराने किती माणसं दिली ते मोजा. दत्ताजी बुराडी घाटावर १० जानेवारी १७६० ला, तुकोजी आणि पुतण्या जनकोजी पानिपतात. महादजी वाचला, पाय कायमचा अधू होऊन. त्याला रणातून बैलावर घालून आणणारा राणेखान हा पाणी वाहणारा भिस्ती. महादजीने त्याला भाई म्हटलं आणि पुढे सेनापती केलं. १७८८ मध्ये बादशहा शाहआलमचे डोळे काढणाऱ्या गुलाम कादिरच्या मागे जी मराठी फौज गेली, ती राणेखानाच्या हाताखाली. एक भिस्ती सत्तावीस वर्षांत फौजेचा प्रमुख होतो. ही गोष्ट धर्माइतकीच जातीची आणि धंद्याची आहे. आपल्या याद्यांत राणेखान मला फारसा दिसला नाही. भिस्ती होता म्हणून की काय, कोण जाणे.

डर्क कोल्फ यांचं 'नौकर, राजपूत अँड सिपॉय' (१९९०) हे पुस्तक मी ग्रुपमध्ये आणलं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं, की हिंदुस्थानात शेतकऱ्याची पोरं हत्यार घेऊन हंगामी नोकरी शोधत फिरत, आणि फौजा उभ्या राहत त्या या बाजारातून. मला ते पटकन कळलं, कारण मीही त्याच जातीचा. तीन कंपन्या बदलल्यात. ज्या कंपनीत होतो तिच्यासाठी रात्री जागलो, दुसरीत गेल्यावर तिच्यासाठी. उद्या कुणी माझ्या नोकऱ्यांवरून माझी धर्मनिष्ठा मोजायला बसला तर हसू येईल. अर्थात पुस्तक उत्तरेतल्या भोजपुरी मुलखावर जास्त आहे, दख्खनला जसंच्या तसं लावता येत नाही, आणि भाषाही जड आहे. सुभेदारांनी ते वीस पानांत परत केलं.

दोस्ताचं आवडतं पुस्तक रँडॉल्फ कूपर यांचं, १८०३ च्या इंग्रज-मराठा लढायांवरचं. असई आपल्या जालना जिल्ह्यात. तिथे २३ सप्टेंबर १८०३ ला वेलस्ली जिंकला, पण त्याची दीड हजारांवर माणसं पडली किंवा जखमी झाली. शिंद्यांच्या तोफा मागासलेल्या होत्या, हे आपण शाळेत शिकलो. कूपर उलट सांगतात. पकडलेल्या तोफा आपल्या सैन्यात वापरण्याजोग्या आहेत, असं खुद्द वेलस्लीने लिहून ठेवलं होतं. कमी पडलं ते दुसरीकडे. युरोपीय अधिकारी इंग्रजांनी पैसे आणि नोकरीचं आश्वासन देऊन फोडले आणि ऐन वेळी पलटणींना नेतृत्व उरलं नाही. फौंड्रीतला माणूस ओतीव तोफेवर अर्धा तास बोलू शकतो. साचा कसा, मधली पोकळी नंतर कशी कोरायची, भोक सरळ नसेल तर गोळा कुठे जातो. त्या अर्ध्या तासात कुणाचा धर्म आठवत नाही. जोतिबाच्या आवारातलं केदारेश्वराचं देऊळ दौलतराव शिंद्यांनी १८०८ मध्ये बांधलं, असईनंतर पाच वर्षांनी. तिथून जाताना आता आम्हाला ते साल दिसतं.

परदेशातली पुस्तकंही फिरतात. अँटनी बीव्हर यांच्या 'स्टॅलिनग्राड'ने दोन महिने ग्रुप व्यापला होता. वेढ्यात अडकलेल्या जर्मन सहाव्या आर्मीत हजारो सोव्हिएत नागरिक कामाला आणि लढायलाही होते, कुणी नाइलाजाने, कुणी उपासमारीपायी. सुभेदारांनी ते पान पानिपताच्या शेजारी ठेवून वाचायला लावलं.

एक गोष्ट आपल्या लोकांना सांगायला हवी. सगळं पुस्तक वाचायचं म्हणजे नको वाटणारी पानंही वाचायची. पानिपताच्या आधी नजीबखानाने शुजाला ओढून घेतलं ते धर्माचं नाव घेऊन. लढाईनंतर कैद्यांची जी कत्तल झाली ती काशीराजाच्या हकिकतीत आहे. बायकापोरं गुलाम म्हणून नेली गेली. राणेखानाचं पान दाखवायचं असेल तर हे पान चिकटवून ठेवता येत नाही. मास्तर त्यांच्या बाजूची अशी पानं मला न विचारता दाखवतात. मी अजून तेवढा मोकळा नाही, प्रयत्न करतोय.

चहा संपला की आम्ही कठड्याशी उभं राहून पन्हाळ्याकडे बघतो. मार्च ते जुलै १६६० तिथे सिद्दी जौहरचा वेढा होता. राजापूरचे इंग्रज तोफगोळे घेऊन त्याच्या मदतीला आले होते. तो वेढा फोडायला नेताजी पालकरांबरोबर जी फौज आली तिच्यात सिद्दी हिलाल आणि त्याचा मुलगा वाहवाह होते. मुलगा जखमी होऊन शत्रूच्या हाती सापडला. महाराज निसटले तेव्हा पाठलागावर सिद्दी मसूद, आणि पुढे विशाळगडाला वेढा घालून बसलेले सूर्यराव सुर्वे आणि जसवंतराव दळवी. म्हणजे वेढ्यात सिद्दी, वेढा फोडणाऱ्यांत सिद्दी, आणि वाटेच्या शेवटी आडवे मराठेच. हे परमानंदाच्या 'शिवभारता'त आहे, त्या काळात लिहिलेल्या संस्कृत काव्यात. स. म. दिवेकरांनी १९२७ मध्ये मराठी भाषांतरासह छापलेलं. माझ्याकडे मास्तरांची प्रत आहे.

त्या वाटेच्या शेवटी, पावनखिंडीपलीकडे विशाळगडाच्या पायथ्याला गजापूर लागतं. १४ जुलै २०२४ ला, बाजीप्रभूंच्या स्मृतिदिनाच्या दुसऱ्या दिवशी, तिथल्या मुसलमानवाडीत घरं फोडली गेली, मशिदीची नासधूस झाली. जमाव गडावरच्या अतिक्रमणाच्या नावाने आला होता.

आम्ही चौघांनी पन्हाळा ते पावनखिंड मोहीम पूर्वी तीनदा चाललीय, पावसात, चिखलात, गुडघ्यापर्यंत. यंदा जुलैत पुन्हा जायचं सुभेदार म्हणतात. मास्तरांचं म्हणणं, खिंडीत बसून त्या प्रसंगाचे अध्याय मोठ्याने वाचू, सिद्दी हिलालसकट, दळवी-सुर्व्यांसकट, जे ऐकायला थांबतील ते थांबतील. अम्मी म्हणते, जायचं तर जा, पण वाचत बसू नकोस. मी अजून कुणालाच उत्तर दिलेलं नाही. पुस्तक मात्र गेल्या रविवारी परत करायचं होतं, ते केलं नाही.