कानस नको, आधी व्हर्निअर!

फिल्मचे कॅमेरे घरोघरी अडगळीत गेले, पण त्यांची भिंगे काही निकामी झालेली नाहीत. समोर फिल्म आहे की डिजिटल संवेदक, याच्याशी काचेला कर्तव्य नसते. म्हणूनच अनेक हौशी मंडळी जुनी भिंगे नव्या कॅमेऱ्यांवर बसवू पाहतात. हा उद्योग चांगला आहे. तो शाळेच्या प्रयोगशाळेतही यावा असे मला वाटते. मात्र त्याची सुरुवात कानशीने नव्हे, मापाने व्हायला हवी.

उदाहरण घेऊ. सोव्हिएत संघात बनलेल्या झेनिट कॅमेऱ्यांवर ‘हेलिओस ४४-२’ हे भिंग असे. त्याचे नाभीय अंतर ५८ मिमी. मागच्या बाजूस ४२ मिमी व्यासाचे आटे. म्हणून या जोडणीचे नाव ‘एम ४२’. भिंग कॅमेऱ्याला जिथे टेकते तिथपासून फिल्म ४५.४६ मिमी अंतरावर असली, की दूरच्या डोंगराची प्रतिमा तिच्यावर रेखीव उमटते. हे अंतर प्रत्येक जोडणीचे वेगळे असते. १९५९ च्या निकॉन एफ जोडणीत ते ४६.५ मिमी, १९८७ च्या कॅनन ईएफमध्ये ४४ मिमी, तर २०१० च्या सोनी ई जोडणीत अवघे १८ मिमी आहे.

शेवटचा आकडा एवढा लहान का? एसएलआर कॅमेऱ्यात भिंग आणि फिल्म यांच्यामध्ये तिरपा आरसा असतो व त्याला वर उचलले जाण्यासाठी जागा लागते. सोनी ई जोडणीच्या कॅमेऱ्यांत तो आरसाच नाही. त्यामुळे ४५.४६ वजा १८, म्हणजे २७.४६ मिमी लांबीची नळी मध्ये बसवली की काम झाले. भिंगाला धक्काही लावावा लागत नाही.

निकॉनवर मात्र अडचण येते. तेथे भिंग १.०४ मिमी जास्तच पुढे बसते. एवढ्याशा फरकाने काय बिघडते? न्यूटनचे सूत्र सांगते की वस्तू व प्रतिमा यांची आपापल्या नाभीपासूनची अंतरे गुणली, तर नाभीय अंतराचा वर्ग मिळतो. ५८ चा वर्ग ३३६४, त्याला १.०४ ने भागले की येतात सुमारे ३२३५ मिमी. म्हणजे सव्वातीन मीटरपलीकडचे सारे जग धूसर! नळीने अंतर वाढते, कमी होत नाही. म्हणून काही जण भिंगाची मागची धातूची कड घासून काढतात.

माझा विरोध आहे तो याला. घासलेला धातू परत जोडता येत नाही, कीस आट्यांत व झडपेच्या पात्यांत अडकतो, आणि भिंग मूळ कॅमेऱ्यालाही पारखे होते. जो बदल उलटा फिरवता येतो तोच करावा.

कोणी म्हणेल, तयार कडी बाजारात मिळतात, मग खटाटोप कशाला? नुसती छायाचित्रे काढायची असतील तर कडे विकत घ्यावे, त्यात कमीपणा नाही. पण शाळेत आपण व्हर्निअरने गोळीचा व्यास मोजतो, वहीत लिहितो आणि विसरतो. ०.१ मिमी हे त्याचे लघुतम माप कशासाठी, हे तिथे उमगत नाही. इथे उमगते. नळी ०.१ मिमी लांब झाली तर झडप पूर्ण उघडी असताना सुमारे ३४ मीटरपलीकडचे चित्र मऊ पडू लागते. तेवढीच आखूड झाली तर भिंगाचे कडे किंचित मागे फिरवले की भागते. म्हणून चूक करायचीच तर आखूडपणाच्या बाजूने करावी.

कॅमेरा नसला तरी अडत नाही. जुन्या बाजारातले बुरशी चढलेले एम ४२ भिंगही चालेल. पुठ्ठ्याची ४५.५ मिमी लांबीची नळी करा, आतून काळी रंगवा, एका टोकाला ट्रेसिंग पेपर ताणून चिकटवा. भिंग अनंतावर ठेवून दूरचे झाड पाहा. ते उलटे, पण रेखीव दिसेल. आता मध्ये १ मिमी जाडीची पुठ्ठ्याची चकती घाला आणि काय होते ते पाहा. भिंग सूर्याकडे मात्र कधीही रोखू नका. काचही घासू नका. काही जुन्या भिंगांच्या काचेत थोरियम हे किरणोत्सारी मूलद्रव्य असते.

शिक्षक बंधुभगिनींना एवढीच विनंती, की एक तास या प्रयोगाला द्यावा. सूत्र फळ्यावर राहते तोवर ते परीक्षेपुरते असते. पुठ्ठ्याच्या एका चकतीने झाड धूसर होताना ज्याने पाहिले, तो मुलगा किंवा ती मुलगी पुढच्या वेळी व्हर्निअर हातात घेईल, ती काळजीपूर्वक.