उद्योजकाचे ज्ञान आले कोठून?

नवनिर्मिती उद्योजकाच्या ज्ञानातून व कौशल्यातून होते, शासनाने फक्त वाट मोकळी करावी, हे प्रतिपादन आता इतके रूढ झाले आहे की आपल्यातील काही मित्रही त्यावर मान डोलावू लागले आहेत. उद्योजकाचे कर्तृत्व नाकारण्याचे कारण नाही. परंतु ते ज्ञान त्याच्यापाशी आले कोठून, असे विचारताच हे प्रतिपादक मौन धारण करतात.

औषधधंद्याचेच पाहा. २००१ साली सिप्लाच्या युसूफ हमीद यांनी एड्सवरील तीन औषधांचा उपचार वर्षाला ३५० डॉलरमध्ये देऊ केला. बहुराष्ट्रीय कंपन्या त्यासाठी दहा हजारांहून अधिक डॉलर घेत होत्या. हमीद स्वतः रसायनशास्त्रज्ञ. त्यांचे धाडस निर्विवाद आहे. पण ते शक्य झाले १९७० च्या पेटंट कायद्यामुळे. त्याने औषधाच्या पदार्थावर नव्हे, केवळ प्रक्रियेवर पेटंट मान्य केले होते. सिप्लाच्या पहिल्या एड्सविरोधी औषधाची प्रक्रियाही हैदराबादच्या सरकारी प्रयोगशाळेतली! २००५ साली आपण तो कायदाच बदलून बसलो.

‘मग पिंपरीचा सरकारी कारखाना का बुडाला?’ हा ठरलेला प्रतिप्रश्न. हिंदुस्थान अँटिबायोटिक्सने १९५५ पासून पेनिसिलिन बनवले. तेथील व्यवस्थापकांना निर्णयाचे स्वातंत्र्य आम्हीच दिले नाही, हे समाजवाद्यांनीही कबूल करावे. पण पुढे स्वस्त चिनी मालापुढे देशातील पेनिसिलिन-जीचे उत्पादनच थांबले, तेव्हा खाजगी उद्योजकाची प्रतिभा कोठे होती? आयात किफायतशीर, म्हणून त्यानेही आयातच केली; हिशेबाच्या दृष्टीने त्याचे चुकले नाही. बुरशी वाढवून औषध काढण्याची विद्या मात्र पुस्तकात टिकत नाही. ती टाकीजवळ उभ्या राहणाऱ्या कामगार-तंत्रज्ञांच्या अनुभवात असते, आणि कारखान्याबरोबर पांगते. अनेक वर्षांनी, २०२४ मध्ये, काकिनाडा येथे ते उत्पादन पुन्हा सुरू झाले, तेही सरकारी प्रोत्साहन योजनेच्या आधाराने.

जोखीम जनतेची आणि मालकी खाजगी, हा व्यवहार आपण मुकाट्याने का मान्य करावा? कोव्हॅक्सिनसाठी विषाणू वेगळा केला पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेने. त्या करारात वैद्यकीय संशोधन परिषदेला विक्रीवर पाच टक्के स्वामित्वधन ठरले होते. म्हणजे अट घालता येते. तशी अट प्रत्येक सरकारी साहाय्याला का नसावी, आणि ती किमतीवरही का नसावी, हे आपल्या प्रतिनिधींनी येत्या अधिवेशनात विचारावे.