न फाटणारा आवाज

“दादा, किती वॅटचा घेऊ?”

नवा अ‍ॅम्प गिटारसाठी घ्यायला निघालेला जवळजवळ प्रत्येक मुलगा हेच विचारतो आणि त्याला ठरलेली दोन उत्तरं मिळतात. पहिलं, ऑर्केस्ट्रात हयात घालवलेल्यांचं: शंभराच्या खाली बघूच नकोस, लॉनवर ऐकू जायचं नाही. दुसरं, ट्यूबच्या भक्तांचं: पंधरा वॅटची ट्यूब घे, तिचा एक वॅट ट्रान्झिस्टरच्या तीन वॅटना भारी. हे दोन पक्ष एकमेकांना वेड्यात काढतात, पण दोघांच्या हातातलं माप एकच आहे. माझा आक्षेप त्या मापावरच आहे. कॉर्डमधल्या सहाही तारा वेगवेगळ्या कळाव्यात आणि तरी आवाज शेवटच्या रांगेपर्यंत जावा, यासाठी काय लागतं ते अ‍ॅम्पच्या पाटीवरचा वॅटचा आकडा सांगत नाही.

आधी शंभरवाले. वॅट दुप्पट केले की आवाज ३ डेसिबलनं वाढतो. ३ डेसिबल म्हणजे नीट कान दिला तर कळेल एवढा फरक. कानाला ‘दुप्पट’ वाटायला साधारण १० डेसिबल लागतात आणि त्यासाठी वॅट दहापट करावे लागतात. म्हणजे पन्नासचा अ‍ॅम्प विकून, वर पैसे घालून शंभरचा आणणाऱ्यानं फक्त ३ डेसिबल विकत घेतले. फेंडरचे दोन नामांकित अ‍ॅम्प घ्या. डिलक्स रिव्हर्ब २२ वॅटचा, ट्विन रिव्हर्ब ८५ वॅटचा. ताकद जवळजवळ चौपट, फरक सुमारे ६ डेसिबलचा. उघड्या मैदानात ऐकणारा पाच मीटरवरून उठून दहा मीटरवर जाऊन बसला की आवाज ६ डेसिबलनंच उतरतो, म्हणजे ती चौपट ताकद तेवढ्या अंतरात संपली. शिवाय ट्विनमध्ये १२ इंची स्पीकर दोन आहेत आणि डिलक्समध्ये एक. एकाच ताकदीवर दोन शंकू मिळून हवा ढकलतात तेव्हा खालच्या स्वरांत आणखी जवळपास ३ डेसिबल मिळू शकतात. ट्विन दणदणीत वाटतो त्यातलं बरंचसं श्रेय त्या दुसऱ्या स्पीकरचं आहे आणि ते जमा होतं वॅटच्या खात्यावर. तीस किलोच्या आसपासचं ते धूड तीन जिने चढवणाऱ्याला हा हिशेब कुणीतरी आधी सांगायला हवा.

आता पंधरावाले. यांच्या म्हणण्यात अर्धं सत्य आहे, म्हणूनच ते जास्त फसवं आहे. ट्यूब मर्यादेपाशी आली की स्वर हळूहळू वाकवते, तर ट्रान्झिस्टर त्याच जागी स्वराचं टोक कापून टाकतो. ट्यूबचा बिघाड गोड लागतो, त्यामुळे वाजवणारा तिला मर्यादेच्या पलीकडे सहज नेतो आणि म्हणतो, बघा किती मोठी वाजते! ती मोठी वाजते, पण फाटून. रॉक वाजवायचा असेल तर तेच हवं असतं, तिथे माझं काही म्हणणं नाही. पण स्वच्छ स्वराचं गणित निराळं आहे. तार छेडल्याच्या पहिल्या क्षणी जो टणत्कार उठतो, तो मागच्या रेंगाळणाऱ्या नादापेक्षा १० डेसिबल किंवा त्याहूनही वर जातो. नादाला ३ वॅट लागत असतील तर त्या क्षणाला ३० लागतात. फाटक्या आवाजात तो क्षण चिरडलेलाच असतो, म्हणून १५ वॅट पुरतात. स्वच्छ आवाजात तो जपायचा असतो. ही राखीव ताकद, जिला आपण सगळे हेडरूम म्हणतो, स्वच्छ वाजवणाऱ्याच्या अ‍ॅम्पमध्ये असावी लागते, फाटकं वाजवणाऱ्याच्या नसली तरी चालते.

हे मी पुस्तकातून शिकलो नाही. एका लग्नाच्या लॉनवर माझा १५ वॅटचा ट्यूब अ‍ॅम्प घेऊन मी उभा होतो. घरी तो इतका मोठा वाजायचा की शेजारचे दार ठोठावायचे. लॉनवर ड्रमरनं पहिला ठोका दिला आणि मी नॉब वर नेत गेलो. साडेपाचाच्या पुढे आवाज वाढेना, फक्त जाड होत गेला. एका जुन्या हळव्या गाण्याच्या सुरुवातीचे आर्पेजिओ होते. ती सुरावट चिंधी होऊन बाहेर आली. गायिकेनं वळून पाहिलं, ती नजर मला अजून आठवते. जनरेटरवरचा कार्यक्रम होता. व्होल्टेज २३० च्या खाली घसरला की ट्यूब अ‍ॅम्पची स्वच्छतेची मर्यादाही त्याच्याबरोबर खाली येते, हे मला नंतर समजलं. नॉबवरच्या आकड्यांचं गुपितही नंतरच समजलं. बहुतेक अ‍ॅम्प मधल्या आकड्यांपाशीच आपली बहुतेक ताकद देऊन मोकळे होतात. दहापर्यंतचा उरलेला रस्ता फाटण्याचा.

ट्रान्झिस्टरला नाक मुरडणाऱ्यांना एकच विचारतो. रोलंडचा जॅझ कोरस १९७५ साली आला. १२० वॅट, दोन १२ इंची स्पीकर, आत एकही ट्यूब नाही. मेटॅलिकासारख्या कर्कश म्हणून ओळखल्या गेलेल्या बँडनं आपल्या स्वच्छ स्वरांसाठी तोच घेतला. स्वच्छ स्वरात ट्यूबचा गोडवा मुळात कमीच उतरतो, मग तिच्यासाठी हेडरूम का गमवायची?

मग करायचं काय? माझं उत्तर आहे, आधी स्पीकर बघा.

प्रत्येक स्पीकरच्या माहितीपत्रकात एक आकडा असतो: १ वॅट दिला तर १ मीटरवर किती डेसिबल. याला संवेदनशीलता म्हणतात. गिटारच्या १२ इंची स्पीकरांत हा आकडा साधारण पंच्याण्णवपासून शंभरापर्यंत आणि थोडा वरही जातो. ९७ चा काढून १०० चा बसवला तर ३ डेसिबल मिळाले. तेच ३ डेसिबल, ज्यांच्यासाठी अ‍ॅम्पचे वॅट दुप्पट करावे लागत होते. राखीव ताकदीलाही हात लागला नाही, कारण त्याच आवाजाला आता निम्मे वॅट पुरतात. लोक इथे हमखास घोटाळा करतात. स्पीकरवर ‘१०० वॅट’ लिहिलेलं असतं आणि त्यांना वाटतं हा मोठा वाजतो. तो आकडा स्पीकर किती सहन करील याचा आहे, किती वाजेल याचा नाही. सेलेस्टियनचा निळा अ‍ॅल्निको स्पीकर सहन करतो फक्त १५ वॅट आणि त्याची संवेदनशीलता १०० डेसिबल आहे. त्याच कंपनीचा हिरवा जी-१२-एम २५ वॅट सहन करतो आणि देतो ९८.

मला विचारणाऱ्या मुलाला मी उलट विचारलं, तुझ्या आत्ताच्या अ‍ॅम्पमध्ये स्पीकर कोणता? त्याला माहीत नव्हतं. अ‍ॅम्प ४० वॅटचा होता, म्हणजे कमी नाही. आम्ही मागचं फळकूट उघडलं, तर आत हलक्या चुंबकाचा स्वस्तातला स्पीकर. इतकी वर्षं तो वॅटला शिव्या देत होता.

इतिहासाचा कौलही हाच आहे. १९६० च्या सुमारास कॅलिफोर्नियात डिक डेल नावाचा तरुण बॅल्बोआच्या रॉन्देव्हू बॉलरूममध्ये हजारोंच्या गर्दीसमोर जाड तारांची गिटार वाजवत होता आणि लिओ फेंडरनं दिलेले अ‍ॅम्प एकामागून एक निकामी होत होते. फेंडरनं ताकद वाढवली, मोठा आउटपुट ट्रान्सफॉर्मर घातला. त्यानंही भागलं नाही, कारण स्पीकर फुटायला लागले. शेवटी जेबीएलचा १५ इंची डी-१३० स्पीकर आला तेव्हा कुठे शोमन हा अ‍ॅम्प उभा राहिला. ही गोष्ट सांगणारे ट्रान्सफॉर्मरपाशी थांबतात. मला तिचा दुसरा अर्धा भाग महत्त्वाचा वाटतो. ग्रेटफुल डेड या बँडनं १९७४ मध्ये ‘वॉल ऑफ साउंड’ उभारली ती आवाज फाटू नये यासाठीच. प्रत्येक वाद्याला स्वतःचे स्पीकर, एकूण सुमारे सहाशे. त्याच वर्षी खर्चापायी ती मोडावी लागली, पण विचार निखळ होता: ताकद वाटून द्या, शंकू वाढवा.

दुसरी गोष्ट मिडची, म्हणजे मधल्या पट्टीतल्या स्वरांची, आणि इथे चूक आपली स्वतःची असते. खोलीत हळू आवाजात वाजवताना आपण बेस आणि ट्रेबल वर चढवतो, मिड खाली पाडतो. छान, भरलेलं वाटतं. बेल लॅब्जमधल्या फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्येच दाखवून दिलं होतं की हळू आवाजात कानाला खालचे स्वर कमी ऐकू येतात. मोठ्या आवाजात ती तूट भरून निघते. मग खोलीत चढवलेला बेस स्टेजवर ढेरीसारखा सुटतो, बेस गिटार आणि किक ड्रममध्ये मिसळून जातो आणि अ‍ॅम्पची ताकद मात्र सगळ्यात आधी तोच खातो. फाटायची सुरुवात तिथूनच होते. गिटारची ओळख मिडमध्ये आहे. बेस खाली आणा, मिड वर न्या. एकट्यानं ऐकाल तर आवाज कोता, नाकातला वाटेल. बँडमध्ये तोच वाट काढतो. डिलक्स रिव्हर्बला मिडचा नॉबच नाही, तिथे बेस आणि ट्रेबल दोन्ही उतरवून व्हॉल्यूम चढवायचा, परिणाम तोच. गेन आणि मास्टर वेगळे असतील तर गेन कमी, मास्टर जास्त. पुष्कळदा आवाज पहिल्याच टप्प्यावर फाटलेला असतो आणि आपण आउटपुटच्या नावानं बोटं मोडत असतो.

अ‍ॅम्प कुठे ठेवता तेही बघा: खुर्चीवर ठेवा किंवा मागे कलता करा. ट्विनला कलते पाय काय शोभेसाठी दिलेत? वरचे स्वर स्पीकरसमोरच्या सरळ पट्ट्यातच जातात आणि जमिनीवरचा अ‍ॅम्प ते तुमच्या पोटऱ्यांना ऐकवतो. तुम्ही ट्रेबल वाढवता, समोरच्या रांगेतल्या पाहुण्याच्या कानात सुई जाते.

एक तिसरा पक्ष आहे. तो म्हणतो, कशाला हे सगळं, अ‍ॅम्पसमोर माइक लावा, बाकी साउंडवाला बघेल. मोठ्या सभागृहात त्याचं म्हणणं मला पूर्ण मान्य आहे. १५ ऑगस्ट १९६५ ला न्यू यॉर्कच्या शे स्टेडियममध्ये बीटल्ससमोर ५५ हजारांहून जास्त लोक होते. व्हॉक्सनं त्यांच्यासाठी १०० वॅटचे अ‍ॅम्प बनवले होते, तरी त्या किंकाळ्यांपुढे काही चाललं नाही. स्टेजवरच्या अ‍ॅम्पनं स्टेडियम भरायचं नसतं. पण माइक आवाज मोठा करतो, सांधत नाही. फाटलेला आवाज माइकमधून गेला की मोठा फाटलेला आवाज होतो. आणि आपले कितीतरी कार्यक्रम, सोसायटीच्या गणपतीसमोरचे, हॉटेलच्या कोपऱ्यातले, असे असतात की माइक फक्त गायकाला मिळतो. तिथे अ‍ॅम्पला आपल्या पायावर उभं राहावंच लागतं.

सगळ्यात नाजूक मुद्दा ड्रमरचा. ड्रम वाजले की गिटार वाढते, गिटार वाढली की बेस, मग गायक मॉनिटर मागतो, आणि अर्ध्या तासात सगळे आपापल्या टोकाला पोचलेले असतात. या शर्यतीत स्वच्छ गिटार नेहमी हरते, कारण तिला टोकापर्यंत जायचंच नसतं. हे मी हक्कानं बोलतो. साउंडचेकमध्ये सर्वात आधी गिटारचा स्वच्छ आवाज कुठवर जातो ते बघा आणि बाकीच्यांनी त्याच्या आत राहावं असं सांगा. गळ्यात गळे घालून हिंडणाऱ्या मित्रांना हे सांगताना जीभ अडखळते, तरी सांगा. अमेरिकेत कामगारांच्या कानांसाठी जी शिफारस आहे ती अशी: ८५ डेसिबल आठ तास, आणि पुढे प्रत्येक ३ डेसिबलला वेळ निम्मा. १०० डेसिबलला पंधरा मिनिटं उरतात. आपला कार्यक्रम तीन तासांचा असतो.

मी पंचवीस वर्षं झांजा डाव्या हाताला ठेवून उभा राहिलो. त्या बाजूच्या कानात आता रात्री एक बारीक शीळ असते आणि पहिल्या तारेच्या वरच्या पडद्यांवरचं तेज तिथे पोचत नाही. ट्रेबलचा नॉब लावताना मी उजवा कान स्पीकरकडे करतो.